पहिल्या टर्नला पॅचेस: हार्थस्टोनमधल्या पायरेट वॉरियरचं प्रकरण

डिसेंबर 2016 मध्ये हार्थस्टोनच्या रँक्ड लॅडरवर (जिंकत वर चढायच्या क्रमवारीत) गेलं की पहिल्याच टर्नला बहुतेक वेळा एकच दृश्य दिसायचं. समोरचा एक मानाचं (माना म्हणजे कार्ड टाकायला लागणारी शक्ती) कोणतं तरी पायरेट कार्ड टाकायचा. त्याबरोबर डेकमधून पॅचेस नावाचा समुद्री चाचा फुकटात टेबलावर उडी मारायचा आणि त्याच टर्नला तोंडावर एक ठोसा द्यायचा. चार-पाच मिनिटांत डाव संपलेला असायचा. ज्यांच्याशी असं खेळलं जायचं ते या डेकला शिव्या घालायचे, आणि त्यातले बरेचसे संध्याकाळी स्वतः तोच डेक उघडून बसायचे. हे असं का होतं, एवढाच इथला प्रश्न आहे.

ज्यांनी हार्थस्टोन खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लिझार्डचा हा ऑनलाइन कार्डांचा खेळ मार्च 2014 मध्ये अधिकृतपणे आला. दोघांचे हिरो 30 हेल्थचे, डेक 30 कार्डांचा. पहिल्या टर्नला एक माना मिळतो, दुसऱ्या टर्नला दोन, असं दहापर्यंत. पहिला खेळणारा तीन कार्डं घेऊन सुरू करतो. दुसऱ्याला चार कार्डं मिळतात आणि वर एक नाणं, जे एका टर्नसाठी एक जादा माना देतं. मिनियनवर (टेबलावर उतरवायच्या सैनिकावर) दोन आकडे असतात, पहिला अटॅक आणि दुसरा हेल्थ. शस्त्रावरही दोनच, पहिला अटॅक आणि दुसरा किती वार उरलेत तो. टेबलावर टाकलेला मिनियन त्याच टर्नला हल्ला करू शकत नाही. त्या काळी तसं करायचं तर त्याच्याकडे 'चार्ज' असावा लागायचा.

तीस कार्डं

'मीन स्ट्रीट्स ऑफ गॅजेटझॅन' हा 132 कार्डांचा संच डिसेंबर 2016 च्या सुरुवातीला आला. त्यातल्या दोन कार्डांनी हे प्रकरण घडवलं. पहिलं 'पॅचेस द पायरेट': एक माना, 1/1, चार्ज, आणि तुम्ही कोणताही पायरेट खेळलात की तो डेकमधून स्वतःहून टेबलावर येतो. दुसरं 'स्मॉल-टाइम बकानियर': एक माना, 1/2, पण हातात शस्त्र असेल तर अटॅक दोनने वाढतो. म्हणजे एका मानात 3/2. त्यांच्या जोडीला एप्रिल 2016 च्या संचातला 'न्झॉथ्स फर्स्ट मेट' आधीपासून होताच. तोही एक मानाचा 1/1, पण येताना 1/3 चा गंजका हुक हातात देतो.

त्या काळातली एक चालती यादी अशी. फर्स्ट मेट, बकानियर, साउथसी डेकहँड, ब्लडसेल रेडर, ब्लडसेल कल्टिस्ट, ड्रेड कॉर्सेअर, नागा कॉर्सेअर, फ्रॉदिंग बर्सर्कर आणि कोरक्रॉन एलीट प्रत्येकी दोन. अपग्रेड, फायरी वॉर अ‍ॅक्स, हिरोइक स्ट्राइक, मॉर्टल स्ट्राइक आणि आर्केनाइट रीपर प्रत्येकी दोन. वर पॅचेस आणि लीरॉय जेन्किन्स एकेक. झाली तीस.

आता खर्च. कार्ड बनवायला लागणारी डस्ट कॉमनसाठी 40, रेअरसाठी 100, लेजंडरीसाठी 1600. वरच्या यादीत पाच जोड्या कॉमन (400), पाच जोड्या रेअर (1000), दोन लेजंडरी (3200), आणि अ‍ॅक्स, रीपर, हिरोइक स्ट्राइक, कोरक्रॉन ही मूळची फुकट मिळणारी कार्डं. एकूण 4600. लीरॉयऐवजी दुसरं एखादं स्वस्त पायरेट घातलं तर 3000 च्या आसपास काम भागतं, आणि डेक फारसा लंगडा होत नाही. त्याच काळातल्या रेनो डेकमध्ये काझाकस, क्लासची (वॉरियर, मेज, वॉरलॉक असा हिरोचा प्रकार) स्वतःची लेजंडरी आणि आणखी एखाद-दोन महागडी कार्डं लागायची, शिवाय रेनो जॅक्सनसाठी जुनं अ‍ॅडव्हेंचर विकत घ्यावं लागायचं. नवख्या खेळाडूला वेगवान डेक आवडतो याचं पहिलं कारण मानसशास्त्रात शोधायला जाऊ नये. तो डेक त्याला परवडतो.

पण परवडणारे डेक इतरही होते. याच डेकची चटक का लागली, ते समोर कोणी नाही असं धरून चार टर्न खेळून पाहिलं की कळतं.

पहिली टर्न: फर्स्ट मेट टाकला, हुक हातात आला, पॅचेस बाहेर आला. पॅचेसचा 1, हुकचा 1. समोरचा 28.

दुसरी टर्न: बकानियर (हुक हातात आहे, म्हणून 3/2) आणि डेकहँड (2/1, शस्त्र असताना चार्ज). मेट 1, पॅचेस 1, हुक 1, डेकहँड 2. समोरचा 23.

तिसरी टर्न: ब्लडसेल कल्टिस्ट, 3/4. टेबलावर दुसरा पायरेट असल्याने तो शस्त्राला +1/+1 देतो. एकच वार उरलेला हुक 2/2 होतो. मेट 1, पॅचेस 1, बकानियर 3, डेकहँड 2, हुक 2. समोरचा 14.

चौथी टर्न: कोरक्रॉन एलीट, 4/3, चार्ज. मेट 1, पॅचेस 1, बकानियर 3, डेकहँड 2, कल्टिस्ट 3, हुक 2, कोरक्रॉन 4. सोळा. डाव संपला.

हातातून फक्त पाच कार्डं गेली. सहावा पॅचेस, तो फुकट. प्रत्यक्षात समोरचा गप्प बसत नाही आणि हा शेवट सहाव्या-सातव्या टर्नवर जातो. तरी चौथ्या टर्नला 32 चा मारा शक्य आहे हे डोक्यात असलं की प्रत्येक सुरुवात आशेची वाटते.

आणि ही सुरुवात क्वचित मिळणारी नव्हती. वरच्या यादीत पॅचेस सोडून एक मानाचे सहा पायरेट आहेत. पहिले खेळताय, तीन कार्डांत एकही पायरेट नसेल तर तिन्ही बदलताय, मग पहिल्या टर्नचं कार्ड उचलताय. असं केलं तर पहिल्याच टर्नला पायरेट हातात असण्याची शक्यता 82 टक्क्यांच्या वर जाते. दुसरे खेळत असाल तर चार कार्डांमुळे ती 90 टक्के होते. चाळीस-चाळीस सेकंद विचार करून चौथ्या टर्नपर्यंत वाट पाहायला लावणारे डेक एकीकडे, आणि दहातल्या आठ-नऊ डावांत पहिल्या क्षणापासून काहीतरी घडवणारा डेक दुसरीकडे.

रेनोचं घड्याळ

वेगवान खेळातला आनंद खरा कुठे असतो? 'नुसतं मारत सुटायचं' हे उत्तर बहुतेकदा त्याचा मार खाणाऱ्यांकडून येतं. मारणाऱ्याच्या बाजूने बसलं की दिसतं ती एक मुदत. त्या हिवाळ्यात ही मुदत रेनो जॅक्सनने ठरवली होती. सहा मानाचं हे कार्ड, डेकमध्ये एकही कार्ड दोनदा नसेल तर हिरोची हेल्थ पुन्हा पूर्ण भरतं. म्हणजे तुम्ही पाच टर्न घासून समोरच्याला 4 वर आणलंत, आणि तो एका कार्डाने 30 वर गेला.

मग हिशेब असा. तुम्ही दुसरे खेळताय, तर समोरच्याची सहावी टर्न तुमच्या पाचव्या टर्ननंतर येते. तुमच्याकडे पाच टर्न. तुम्ही पहिले खेळताय, तर त्याच्या सहाव्या टर्नआधी तुम्हाला सहा मिळतात, पण नाणं त्याच्याकडे आहे. ते त्याने जपून ठेवलं असेल तर तो पाचव्याच टर्नला नाणं आणि रेनो टाकू शकतो, आणि तुमच्या हाती पुन्हा पाचच. त्यामुळे दुसऱ्या टर्नला त्याने नाणं खर्चलं का, याकडे पायरेट खेळणारा बारीक लक्ष ठेवतो. वॉरलॉक असेल तर तो कार्ड उचलण्यासाठी दर वेळी स्वतःचीच 2 हेल्थ देतो. तेवढं काम तुमचं वाचलं.

हे एक असं गणित आहे ज्याचं उत्तर स्क्रीनवर सतत दिसत असतं: समोरच्याच्या हिरोवरचा आकडा. सावकाश खेळणाऱ्या डेकमध्ये तिसऱ्या टर्नची चूक बाराव्या टर्नला कळते, बऱ्याचदा कळतच नाही. इथे चूक त्याच टर्नला दिसते, किंवा फार तर पुढच्या.

14 हेल्थचा प्रश्न

एक टर्न जवळून पाहू. तुम्ही पहिले खेळलात, आता तुमची पाचवी टर्न आहे. समोर रेनो वॉरलॉक, हेल्थ 14, नाणं अजून त्याच्या हातात. त्याच्या टेबलावर एकच मिनियन: मिस्ट्रेस ऑफ मिक्स्चर्स, 2/2, जी मेली की दोन्ही हिरोंना 4 हेल्थ देते. तुमच्याकडे बकानियर 3/2, कल्टिस्ट 3/4, आणि हातातली अ‍ॅक्स 4/1. तिसऱ्या टर्नला ती 3/2 ची आली होती, कल्टिस्टने तिला धार लावली, आता एकच वार उरलाय. हातात हिरोइक स्ट्राइक (2 माना, या टर्नपुरता हिरोला +4 अटॅक), मॉर्टल स्ट्राइक (4 माना, एरवी 4 चा मार, तुमची हेल्थ 12 किंवा कमी असेल तर 6) आणि आर्केनाइट रीपर (5 माना, 5/2). तुमची हेल्थ 20 च्या वर, माना पाच.

नवख्याचा हात आधी मिस्ट्रेसकडे जातो. टेबल साफ ठेवावं असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. तो बकानियरने तिला मारतो. बकानियरही मरतो, समोरचा 18 वर जातो. मग कल्टिस्टचे 3, हिरोइक स्ट्राइकसह अ‍ॅक्सचे 8. उरले 7. पुढच्या टर्नला नाणं, रेनो, 30. मिनियनच्या बदल्यात मिनियन देण्याच्या त्या एका ट्रेडची किंमत 7 हेल्थ: बकानियरचे न पडलेले 3 आणि मिस्ट्रेसने दिलेले 4.

ज्याने महिनाभर हा डेक खेळलाय तो मिस्ट्रेसकडे बघतही नाही. 3, 3 आणि 8, बरोबर 14. पण त्याच्याही पुढे एक खड्डा आहे. सवयीने त्याने आधी हिरोने वार केला तर 8 जातात, शस्त्राचा शेवटचा वार संपतो, अ‍ॅक्स मोडते. शस्त्र गेलं की बकानियरचे +2 गेले. आता तो 1 चा. 8, 1 आणि 3, एकूण 12. समोरचा 2 वर जिवंत, आणि तेवढ्यावरून रेनो. सुरक्षित क्रम असा: आधी बकानियर, मग कल्टिस्ट, मग हिरोइक स्ट्राइक, सगळ्यात शेवटी हिरो.

डोकं बंद ठेवून खेळायचा डेक म्हणून हा बदनाम झाला, त्यात अर्धंच खरं आहे. डोकं बंद ठेवूनही तो बरेच डाव जिंकून द्यायचा. पण असा एखादा 14 चा टर्न सुटला की जे समाधान मिळतं ते कोडं सुटल्याचं असतं, आणि दर सहा मिनिटांनी नवं कोडं हजर. टर्नसाठी 75 सेकंद असतात, त्यांत शेवटी दोरी जळायला लागते. आकडेमोड त्या दोरीच्या आत करायची असते.

तासाला किती तारे

आता लॅडर. त्या काळात रँक 25 पासून सुरुवात व्हायची, दर महिन्याला रँक खाली यायची. रँक 5 पर्यंत सलग तिसऱ्या विजयापासून जादा तारा मिळायचा. पाचच्या पुढे तो बंद. तिथून लेजंडपर्यंत (सगळ्यात वरच्या टप्प्यापर्यंत) पाच रँक, प्रत्येकी पाच तारे, म्हणजे 25 तारे. जिंकलात तर एक वर, हरलात तर एक खाली.

धरून चालू की पायरेटचा डाव सरासरी 6 मिनिटांचा आणि कंट्रोल डेकचा (सावकाश खेळून डाव लांबवणाऱ्या डेकचा) 15 मिनिटांचा. दोघांचा विजयाचा दर 55 टक्के असेल तर दर डावाला सरासरी 0.1 तारा पदरात पडतो. 25 ताऱ्यांसाठी 250 डाव. पायरेटला 25 तास, कंट्रोलला साडेबासष्ट. हे कोणालाही पटेल. खरी गंमत पुढे आहे. पायरेटचा दर 53 टक्के आणि कंट्रोलचा 57 टक्के धरा, म्हणजे कंट्रोल डेक स्पष्टपणे चांगला. पायरेटला सुमारे 417 डाव लागतात, कंट्रोलला 179. वेळ मात्र पायरेटला साधारण 41 तास 40 मिनिटं आणि कंट्रोलला 44 तास 40 मिनिटं. चार टक्के वाईट डेक तीन तास आधी पोहोचतो.

म्हणजे डेक डावामागे कसा आहे हे मोजणारे आणि तासामागे कसा आहे हे मोजणारे, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि एकमेकांशी वाद घालत होते. नोकरी-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्याकडे असतात तास, डाव नव्हे. दुपारच्या जेवणानंतरच्या वीस मिनिटांत तीन डाव बसतात. त्यात रोजचं क्वेस्ट पूर्ण होतं, आणि त्या काळी तीन जिंकले तर 10 गोल्डही मिळायचं. कंट्रोलचा एकच डाव त्या वेळात कसाबसा संपतो, आणि तो हरला तर पूर्ण सुट्टी फुकट गेल्यासारखी वाटते.

हरण्याचंही असंच. सहा मिनिटांचा पराभव स्वस्त असतो. 'पानंच आली नाहीत' म्हणायचं आणि पुढचा डाव लावायचा. पंचवीस मिनिटं घासून हरलेल्या माणसाला ते म्हणता येत नाही, त्याला आपणच कुठेतरी चुकलो हे ठाऊक असतं. ही सबब वेगवान डेकच्या लोकप्रियतेत किती मोठा वाटा उचलते, हे त्याचे भक्त सहसा कबूल करत नाहीत. पानं आली नाहीत असं वाटणाऱ्या बऱ्याच डावांत पानं आलेली असतात, फक्त चुकीच्या क्रमाने वापरलेली असतात.

कुठे चुकतं

पहिली चूक सुरुवातीच्या हातात. पॅचेस हातात आला तर तो परत टाकायचाच. हातातला पॅचेस म्हणजे एक मानाचा बिनकामाचा 1/1. डेकमधला पॅचेस म्हणजे कार्ड न खर्चता मिळालेला हल्ला. आर्केनाइट रीपरही परत. तो पाचव्या टर्नचा आहे आणि पाचव्या टर्नपर्यंत पोहोचायला आधीच्या चार टर्न लागतात. ठेवायचे ते एक मानाचे पायरेट आणि वॉर अ‍ॅक्स.

दुसरी चूक शस्त्रावर शस्त्र. हुकचे दोन वार शिल्लक असताना घाईने अ‍ॅक्स उचलली की हुक फेकला जातो. कधी ते बरोबर असतं, बहुतेकदा नसतं.

तिसरी, हात पूर्ण रिकामा करणं. मेजसमोर तिसऱ्या टर्नला पाच छोटे मिनियन पसरून ठेवले आणि त्याने तीन मानाचं व्होल्कॅनिक पोशन टाकलं, तर दोन हेल्थपर्यंतचं सगळं साफ. शमनकडे मेलस्ट्रॉम पोर्टल, प्रीस्टकडे सहा मानाचं ड्रॅगनफायर पोशन. टेबलावर आधीच सात-आठचा मारा असेल तर चार्जवाला कोरक्रॉन हातात राहू द्यावा. साफसफाई झाल्यावर तोच उपयोगी पडतो.

शेवटचं कार्ड उचलण्याचा क्षण मात्र चुकीतून वाचवतो आणि नेमका तोच लक्षात राहतो. समोरचा 4 वर, तुमचा टेबल आणि हात रिकामा, पाच माना. डेकमध्ये 18 कार्डं उरलीत, त्यांत एक हिरोइक स्ट्राइक, दोन मॉर्टल स्ट्राइक, एक कोरक्रॉन, दोन रीपर आणि लीरॉय. 18 पैकी 7, साधारण 39 टक्के. लोकांना हा क्षण नशिबाचा वाटतो. ते 39 टक्के डेक बनवतानाच भरून ठेवलेले असतात.

समोरच्याचं काय

या सगळ्या आनंदाचं बिल समोरचा भरत होता. त्याने 4600 पेक्षा जास्त डस्ट घालून बनवलेली सात-आठ मानाची कार्डं हातात तशीच राहायची. अ‍ॅसिडिक स्वॅम्प ऊझ (शस्त्र मोडणारा) किंवा डर्टी रॅट (2/6, टॉन्ट, म्हणजे समोरच्याला आधी त्यालाच मारावं लागतं) वेळेवर आला तर ठीक, नाही तर चौथ्या टर्नलाच हार मानायची. शिवाय पॅचेस-बकानियरची जोडी वॉरियरपुरती राहिली नाही. शस्त्र वापरणाऱ्या रोग आणि शमननेही ती उचलली, शमनने तर सगळ्यात जोरात.

फेब्रुवारी 2017 च्या शेवटी ब्लिझार्डने बकानियरची हेल्थ 2 वरून 1 केली. एक आकडा, पण नेमका. 2 हेल्थचा बकानियर मेजच्या एक मार देणाऱ्या हिरो पॉवरने (कार्ड न टाकता हिरोला वापरता येणाऱ्या शक्तीने) मरत नव्हता, मेलस्ट्रॉम पोर्टलमधून वाचत होता. 1 झाल्यावर जवळजवळ प्रत्येक क्लासकडे त्याला मारायचं साधन आलं. बकानियर डेकमधून गेला. पायरेट वॉरियर गेला नाही. एप्रिल 2017 च्या अनगोरो संचात पायरेट खाऊन मोठा होणारा गोलाका क्रॉलर खास आणावा लागला, सप्टेंबरमध्ये वॉर अ‍ॅक्स दोनची तीन मानाची झाली, तरी पॅचेस कोणत्या ना कोणत्या डेकमध्ये दिसतच राहिला. कारण मूळ दुखणं त्याच्यात होतं: कार्ड न खर्चता, पहिल्याच टर्नला, डेक 30 चा 29 करून मिळणारा ठोसा.

फेब्रुवारी 2018 मध्ये त्याचा चार्ज काढून घेतला आणि एप्रिलमध्ये तो स्टँडर्डमधून (फक्त अलीकडचे संच चालतात त्या खेळप्रकारातून) बाहेर गेला. जुनी कार्डंही चालतात त्या वाइल्डमध्ये तो अजून डेकमधून उडी मारतो आणि तीच जुनी आरोळी ठोकतो, 'आता मी इन चार्ज!' मग पुढच्या टर्नपर्यंत उभा राहतो.